विस्तवाचा पापड

माल कमी भरला म्हणून परत आल्याचं सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. जास्त भरला म्हणून परत आलेला माल मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. आख्खा टेम्पो. पेणला, आमच्या शेडच्या दारात. ड्रायव्हरने हातात दिलेला कागद मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण मला वाटलं, डोळे गेलेच होते, आता इंग्रजीही गेलं. पण तसंच लिहिलं होतं. पाकिटावर छापलेले नग पंचवीस, आत सव्वीस, सबब माल नाकारला.

आत इंदूकाकी लाट्या कापत बसली होती. पापडाच्या पिठाची लांब वळी, तिच्याभोवती दोरा, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात आणि दुसरं मुठीत. मशीन आलं, सुकवायची कपाटं आली, तरी लाट्या ती स्वतःच कापायची. मी जाऊन सांगितलं. तिला आधी कळलंच नाही. कमी भरले काय, म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, नाही गं बाई, जास्त भरले म्हणून. तिच्या मुठीतला दोरा सैल पडला.

"जास्त हाय म्हणून परत?" ती म्हणाली. "असं कोणतं माणूस करील गो?"

मला राग आला होता. माल परत पाठवणाऱ्या दुकानवाल्यांचा, काकीचा, आणि सगळ्यात जास्त त्या सव्विसाव्या पापडाचा. काकी आता नाही, पण तो राग आहे. आणि त्या पापडाची हकिकत सांगितल्याशिवाय काकी कुणाला कळायची नाही.

इंदूकाकी माझी नात्यातली नव्हे, शेजारीण. मी शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि दिवसभर घरात बसून सुनेच्या प्रत्येक कामात नाक खुपसायला लागले, तेव्हा एक दिवस काकी कुंपणापाशी येऊन म्हणाली, माझ्याकडे ये. फोन घे, लेबलं लिही, इंग्रजी बोलणारा आला तर त्याच्याशी बोल. मी म्हटलं, मला पापडातलं काय कळतंय? तर म्हणाली, पापडातलं मला कळतं, तू भांडतेस चांगली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या या गुणाची कदर कुणी केली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी गेले.

बाई उंचीला एवढीशी. पदर कायम खोचलेला, शेडमध्ये अनवाणी, अंगाला हिंगाचा वास. पापड सुकला की नाही हे ती हात लावून बघायची नाही. कानाशी धरून किंचित वाकवायची आणि ऐकायची. काय ऐकू येतं म्हणून मीही एकदा कानाशी धरून बघितला. मला काही ऐकू आलं नाही, पापड मात्र मोडला. सूर्याशी ती कामाला उशिरा आलेल्या गड्याशी बोलावं तसं बोलायची. आलास काय, म्हणायची, आता संध्याकाळपर्यंत हलायचं नाय. शेजारी गणपतीचा कारखाना. त्यांच्या मूर्ती आणि आमचे पापड एकाच गच्चीवर सुकायचे, आणि उन्हाच्या तुकड्यावरून रोज तंटा. एकदा त्या कारखानदाराने एक ओला गणपती आमच्या पापडांवर सावली पडेल असा आणून ठेवला. देवाला काय बोलणार? काकीने हात जोडले, मूर्ती उचलली आणि त्याच्या ऑफिसातल्या खुर्चीवर नेऊन बसवली. तो घरून जेवून आला तर खुर्चीत गणपती. बिचारा संध्याकाळपर्यंत उभा राहून कारभार करत होता.

आता तो पापड. पोह्याचा पापड तळतातही, पण खरा लागतो विस्तवावर भाजलेला. काकी लग्न होऊन पेणला आली तेव्हा घरात खाणारी तोंडं पुष्कळ. सासू पापड मोजून द्यायची, माणशी एक. विस्तव किती तापलाय हे पहिला पापड टाकल्याशिवाय कळत नाही, आणि पहिला पापड हटकून करपतो. तो करपलेला कुणाच्या पानात जाणार? जी भाजते तिच्या. काकीने कित्येक वर्षं काळाच पापड खाल्ला. हे ती तक्रार म्हणून सांगायची नाही, हसत सांगायची. पण स्वतः पापड विकायला बसली त्या दिवसापासून तिने नियम केला. पंचवीसच्या जुडीत एक वरचा. तो विस्तवाचा. विस्तवाने खाल्ला तर खाऊ दे, भाजणारीच्या पानात चांगला पडला पाहिजे.

आणि हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. जुडीवर लिहायचं नाही. पापड लाटणाऱ्या बायकांना मात्र पक्कं बजावलेलं. एकदा जिते गावातल्या एका लग्नघरच्या जुड्या बांधून तयार होत्या, वधूचा मामा रिक्षा घेऊन दारात उभा, आणि आमच्यातली शेवंता हळूच म्हणाली की मधे तिचा आकडा चुकला, एका जुडीत वरचा राहिला असावा. कुठल्या, ते आठवेना. झालं. काकीने सगळ्या जुड्या सोडायला लावल्या. मामा ओरडतोय, रिक्षावाला ओरडतोय, मी तर दोघांपेक्षा जास्त ओरडतेय, आणि काकी खाली बसून एक एक जुडी मोजतेय. एका पापडासाठी, जो मागितला कुणी नव्हता, ज्याचे पैसे कुणी दिले नव्हते! निघालीच एक जुडी तशी. काकी शेवंताला रागावली नाही. बोललीस ते बरं केलंस, एवढंच म्हणाली.

धंदा वाढला तो तिने वाढवला म्हणून नव्हे, लोकांनी वाढवला. मुंबईहून अलिबागला जाणारी माणसं गाड्या थांबवून न्यायची. पण पावसाळा आला की सगळं ठप्प. ऊन नाही तर पापड नाही. मग आमच्या बायका डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर झाडलोटीला जायच्या. शिफ्टची वेळ आणि घरच्या चुलीची वेळ जुळायची नाही. शेवंताचं धाकटं पोर तर आई दिसली नाही म्हणून शेडच्या दारात येऊन बसायचं, काकीकडे जेवायचं आणि पोत्यावर झोपायचं. एका पावसाळ्यात ते पोर तापाने फणफणलं आणि आईला निरोपच पोचला नाही. त्या वर्षी काकीने विजेवर पापड सुकवायची कपाटं घ्यायचं ठरवलं आणि सगळ्यांसमोर बोलली, "पुढच्या पावसात कुणी डोलवीला जायचं नाय. काम हितंच. माझा शब्द."

शब्द देणं सोपं. बारा महिने माल निघाला तर तो बारा महिने घेणारा पाहिजे. तसा एकच होता, ते मोठं साखळी दुकान, ज्याच्या शाखा पनवेलला आहेत, अलिबागला आहेत, रोह्याला आहेत. त्यांना दोऱ्याची जुडी चालत नव्हती. बंद पाकीट, सगळी सारखी, दर आठवड्याला. आम्ही आधी हातातल्या सीलरवर चिकटवून बघितलं. बायकांची बोटं भाजली आणि पाकिटं वाकडी ती वाकडीच. तेव्हा पॅकिंगचं मशीन बघायला आम्ही दोघी बाहेर पडलो.

पहिल्यांदा गेलो वसईला. काकीने चांगले पापड घेतले नाहीत. वाकडे, कडा दुमडलेले, एक जाड एक पातळ असे निवडून निवडून डब्यात भरले. मी म्हटलं, अगं, सोयरीक बघायला जाताना कुणी फाटकं नेसून जातं का? ती म्हणाली, "सून आणायची तर घर कसं हाय ते आधीच दाखवावं."

तिथे हवा ओढून घेणारं मशीन होतं. मालकाने कौतुकाने झाकण लावलं, घुर्र आवाज झाला, पाकीट आतल्या पापडांना असं काही आवळून बसलं की आतून कडकड ऐकू आलं. मालक म्हणाला, सेटिंग जरा कमी करू. काकीने पाकीट फाडलं, तो भुगा तळहातावर घेतला आणि त्या थंडगार ऑफिसात प्रत्येकाला चिमूट चिमूट वाटला. अन्न टाकायचं नाही म्हणून. टाय लावलेला मालक कच्च्या पापडाचा भुगा निमूट चघळतोय हे बघून मला कुठे तोंड लपवू असं झालं. ती मात्र सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत उभी होती.

दुसरीकडे उंचावरून माल पाकिटात सोडणारं मशीन होतं. काकीने ते लांबूनच बघितलं आणि हे चिवड्याचं, म्हणून मागे फिरली. मग ठाण्याला तिच्या मनासारखं दिसलं. बिस्किटांसारखे पापड पट्ट्यावरून सरकतात, वरून एक बारीकसा डोळा मोजतो, आकडा भरला की गठ्ठा पुढे, कागद गुंडाळला जातो, दोन्हीकडून चिकटतो. एकही पापड मोडला नाही. मला वाटलं, सुटलो. काकीने त्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला, ह्याच्यातून एखादा जास्त जाईल काय? तो छाती पुढे काढून म्हणाला, एकसुद्धा जास्त जाणार नाही काकी, लिहून देतो. काकी उठली, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागली.

पुण्याच्या प्रदर्शनात तेच. भिवंडीला तेच. त्या बापड्यांना वाटायचं, बाई पक्की व्यापारी दिसते, एक पापड फुकट जायला नको म्हणतेय. मग आणखी जोर लावून सांगायचे की काकी, तुमचा पापड चुकूनही कुणाला जास्त जाणार नाही. तसतसा काकीचा चेहरा उतरत जायचा. मी एकदा मधे पडून सांगितलं की यांना जास्त जायलाच हवाय. तर तो पोरगा दुखावला. आमचं मशीन चुकत नाही मॅडम, म्हणाला.

शेवटी मशीन मिळालं रोह्याला, बंद पडलेल्या एका बिस्किटाच्या कारखान्यातलं. ते दाखवायला जो फिटर आला तो मोठा बोलघेवडा. तोंडात पान, आणि जगातलं प्रत्येक मशीन आपणच दुरुस्त केल्याच्या बाता. काकीने त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, जास्त म्हणजे किती? काकी म्हणाली, एक. तो म्हणाला, मग आकडा सव्वीस लावा की.

काय म्हणावं आम्हाला! इतकी गावं पालथी घातली, इतक्या माणसांना कच्चा पापड चारला, आणि हे आम्हाला सुचलं नाही. आम्ही आपलं मशीनच्या अंगी सढळ हात शोधत फिरत होतो. मी तिथे खाली बसून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकी हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे त्याच्या लेखी ते सव्वीसच. वरचा कुठला ते त्याला ठाव नाय." पण मशीन घेतलं. पेणला आल्यावर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि तिने स्वतःच्या बोटाने आकडा लावला, सव्वीस.

पाऊस लागला. डोलवीचा मुकादम बायकांना बोलवायला आला तेव्हा त्या ताठ मानेने नाही म्हणाल्या, त्याने दुसऱ्या बायका घेतल्या. शेवंताचं पोर आता आईच्या शेजारी बसून पाटी गिरवत होतं. आणि अशा वेळी तो टेम्पो परत आला.

त्या दुपारी मी फोनवर जी भांडले तशी जन्मात भांडले नव्हते. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. असल्या नम्र माणसांचा मला जास्त संताप येतो. मी म्हटलं, अहो, आम्ही तुम्हाला फुकट जास्त देतोय! तो म्हणाला, मॅडम, आमच्याकडे जास्त आणि कमी सारखंच, छापलेलं आणि आतलं जुळलं पाहिजे. पुढच्या आठवड्याला जुळला नाही तर करार संपला.

मी फोन ठेवून काकीला म्हटलं, त्यात काय एवढं, पाकिटावर सव्वीस छापू. माझ्या मते प्रश्न मिटला होता. काकी माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी तिच्या सासूसारखं बोलले.

"छापला की तो मोजलेला झाला, सुधे. मग घरात सव्वीस माणसांना सव्वीस. भाजणारी परत करपलेलाच खाईल."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. बायका हातातलं लाटणं थांबवून बसलेल्या. शेवंता म्हणाली, काकी, आमच्यापायी तुझा नेम मोडू नको, आम्ही बघू आमचं. सगळ्यांना माहीत होतं, बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला माझी काकी ठाऊक होती. जुड्या सोडणारी, ठाण्याचा जिना उतरणारी. मी मनात म्हटलं, गेलं सगळं. करार गेला, शब्द गेला.

काकी उठली. हात धुतले, पदराला पुसले, मशीनपाशी गेली आणि आकडा बदलला. पंचवीस.

मी सर्द झाले. मला बरं वाटायला हवं होतं, मीच तर इतका वेळ त्या पापडाच्या नावाने खडे फोडत होते. पण जवळचं कुणी अचानक गेल्यावर माणूस बसतं तशी मी बसून राहिले. काकी परत येऊन खाली बसली, दोरा अंगठ्यात अडकवला.

"शब्द बायांना दिलाय," ती म्हणाली. "विस्तवाचं बघू."

त्यानंतर माल सुरळीत जायला लागला. एक पाकीट परत आलं नाही. काकी मात्र मुकी झाली. लाट्या कापायची, पापड कानाशी धरायची, पण बोलायची नाही. थोड्याच दिवसांत ती मधूनमधून रोह्याला लेकीकडे जायला लागली. सोबत पत्र्याचा मोठा डबा. मला वाटलं, लेकीच्या घरी पापड नेत असेल. वाटलं, बरं आहे, मन रमेल.

श्रावणात माझ्या भाचीच्या बाळाचं बारसं होतं रोह्याला. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आल्याचं कळलं म्हणून एसटी सोडून मी आगगाडीने गेले. स्टेशनवरून चालत निघाले तर वाटेतच ते साखळी दुकान. दाराशी पावसात छत्री धरून, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर कुणीतरी म्हातारी बसलेली. मी दहा पावलं पुढे गेले आणि थबकले. त्या म्हातारीचा पदर खोचलेला होता.

एवढ्या बायकांची मालकीण, आणि अशी दाराशी बसलेली! मांडीवर डबा, डब्यावर प्लास्टिक. दुकानातून एक बाई पिशवी घेऊन बाहेर आली. काकी उठली आणि सरळ तिच्या पिशवीत डोकावली. बाई दचकून मागे सरली. काकीने डब्यातून एक पापड काढला, कागदात गुंडाळला आणि तिच्या पिशवीत आमच्या पाकिटाशेजारी ठेवला. बाईला काही कळेना, पण ती घेऊन गेली. मग एक माणूस आला, त्याने हात झटकला, नको नको म्हणाला. काकी त्याच्या स्कूटरपर्यंत भिजत गेली. तो पाकीट डिकीत टाकत होता तेवढ्यात तिने पापडही आत सरकवला. वॉचमन माझ्याकडे बघून म्हणाला, तुमच्या ओळखीची आहे का? घेऊन जा बाई. चार वेळा हाकलली, परत येते. काही विकत नाही, मागत नाही, नुसती पिशव्या बघते.

पनवेल राहिलं, अलिबाग राहिलं, हजारो पाकिटं कुठे कुठे जात होती. आणि ही बाई रोह्याच्या एका दारात बसून एक एक पापड पोचवत होती. त्याच पावसाने तिला पुढच्या आठवड्यात लेकीच्या घरी झोपवलं ते ती उठली नाही. शेड चालू आहे, बायका आहेत, मशीनवर आकडा पंचवीस आहे. पण तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी रागाने तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, काकी, हे काय चालवलंयस?

तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझ्या हातांकडे बघितलं.

"पाकीट घेतलंस?"

"नाही."

"मग तुला नाय."

मी आत गेले. ज्या पाकिटावरची अक्षरं मीच लिहून दिली होती ते पाकीट फळीवरून उचललं, रांगेत उभी राहिले, पैसे दिले आणि बाहेर आले. काकीने माझ्या पिशवीत वाकून बघितलं. मग डबा उघडला, एक पापड काढला, सवयीने कानाशी धरून वाकवला, ऐकला, आणि माझ्या हातात दिला.

"पहिला करपू दे, सुधे. तू चांगला खा."

मी काही बोलणार तोवर दारातून दुसरी बाई बाहेर आली होती, आणि काकी उठून तिच्या पिशवीत डोकावत होती.